पानांच्या रंगाची पट्टी: भाताला युरिया किती आणि केव्हा, हे ठरवण्यासाठी दोन हंगाम वापरून पाहिलेले साधन

भाताच्या पानाचा रंग ताडून पाहून युरिया द्यावा की थांबावे, हे सांगणारी प्लास्टिकची एक पट्टी बाजारात मिळते. कृषी खात्यातील मंडळी तिला ‘लीफ कलर चार्ट’ म्हणतात. आमच्या वाड्यावर तिचे नाव नुसते ‘पट्टी’ असे पडले आहे. गोव्यातील पेडणे तालुक्यातील माझ्या शेतात मी ती एक वायंगण (उन्हाळी) आणि त्यापाठचा सरद (पावसाळी) असे लागोपाठ दोन हंगाम वापरली. टपालखर्च धरून ती मला दोनशे रुपयांच्या आत पडली, म्हणजे २६६ रुपये ५० पैशांना मिळणाऱ्या ४५ किलोंच्या युरियाच्या गोणीपेक्षाही स्वस्त. इतक्या स्वस्त वस्तूविषयी इतके सविस्तर लिहिण्याचे कारण असे की ती काय सांगते आणि काय सांगत नाही, याचा घोळ विकणाऱ्यांनी आणि वापरणाऱ्यांनी मिळून करून ठेवला आहे, आणि त्या घोळात मी स्वतः एक पूर्ण हंगाम वाया घालवला आहे.

दिसायला ही वस्तू शाळेतल्या पोरांच्या फुटपट्टीसारखी आहे. तिच्यावर हिरव्या रंगाच्या चार चौकटी असून त्यांना २ ते ५ असे आकडे दिलेले आहेत. दोन म्हणजे पिवळट, पोपटीकडे झुकणारा हिरवा आणि पाच म्हणजे गडद, काळसर हिरवा. चौकटींचा पृष्ठभाग गुळगुळीत नाही. भाताच्या पानावर जशा उभ्या शिरा असतात तशा बारीक रेघा त्यावर उठवलेल्या आहेत, जेणेकरून पान वर ठेवल्यावर प्लास्टिकची चमक डोळ्यांना फसवू नये. मूळ कल्पना जपानमधली. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने तेथील राष्ट्रीय भात संस्थेच्या साहाय्याने १९९० च्या दशकात ती शेतकऱ्यांच्या हाती देता येईल अशा स्वरूपात आणली. तेव्हा पट्टीला सहा चौकटी होत्या, पुढे त्या चार झाल्या. तत्त्व अगदी साधे आहे. पानातील हरितद्रव्य आणि पानातील नत्र (नायट्रोजन) यांचे प्रमाण बरोबरीने कमीजास्त होते, त्यामुळे पान फिके पडले की रोपाला नत्र कमी पडत आहे असे धरता येते. आमच्या आजोबांना हे कोणत्याही पट्टीविना ठाऊक होते. अडचण एवढीच की ‘फिके’ म्हणजे किती फिके, हे दोन माणसांना विचारले तर दोन उत्तरे येतात, आणि ढगाळ दिवशी विचारले तर तिसरेच येते.

पट्टीकडे वळण्याआधी खताचा हिशेब आपल्याकडे कसा चुकतो हे सांगणे भाग आहे, कारण त्याशिवाय तिची उपयुक्तता ध्यानात येणार नाही. कोकण आणि गोव्याच्या पट्ट्यात सुधारित भातजातींसाठी हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद (फॉस्फेट) आणि ५० किलो पालाश (पोटॅश) ही शिफारस सर्रास सांगितली जाते. शिफारस हेक्टरमध्ये, जमिनीचा उतारा चौरस मीटरमध्ये आणि खत गोणीत, अशा तीन भाषांत हा व्यवहार चालतो. त्यात पुन्हा १०० किलो नत्र म्हणजे १०० किलो युरिया असे समजणारे शेतकरी मी स्वतः पाहिले आहेत. युरियात नत्र ४६ टक्के असते, म्हणजे १०० किलो नत्रासाठी सुमारे २१७ किलो युरिया लागतो.

माझे खेर जमिनीतील, म्हणजे खारे पाणी न येणाऱ्या मधल्या पातळीच्या जमिनीतील शेत २,४०० चौरस मीटरचे आहे, म्हणजे ०.२४ हेक्टर. त्याला शिफारशीप्रमाणे २४ किलो नत्र, १२ किलो स्फुरद आणि १२ किलो पालाश हवे. स्फुरद डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) या खतामधून द्यायचे ठरवले तर डीएपीत स्फुरद ४६ टक्के असल्यामुळे २६ किलो डीएपी लागते. पण डीएपीत १८ टक्के नत्रही असते, आणि त्या २६ किलोंतून ४.७ किलो नत्र लावणीच्या वेळीच शेतात पडते. हे वजा करायला बहुतेकजण विसरतात. वजा केले तर उरलेल्या १९.३ किलो नत्रासाठी ४२ किलो युरिया पुरतो; न केले तर ५२ किलो. पालाशासाठी २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश, ज्यात पालाश ६० टक्के असते, तेवढे घातले की कागदावरचा हिशेब पुरा होतो. पंधरापंधरापंधराच्या किंवा १०:२६:२६ च्या मिश्रखताच्या गोण्या वापरणाऱ्यांनी हीच वजाबाकी त्या त्या आकड्यांनी करावी.

हा कागदी हिशेब करून मी वर्षानुवर्षे काय करत आलो, तर एक पूर्ण गोण घ्यायची, अर्धी लावणीनंतर वीस दिवसांनी आणि अर्धी चाळीस दिवसांनी फेकायची. ४२ ऐवजी ४५ किलो, कारण तीन किलो युरिया घरात ठेवला तर पावसाळी हवेत त्याचे पाणी होते. खरे कारण मात्र असे होते की बांधापलीकडच्या कुणग्यात, म्हणजे शेजारच्या शेतात, युरिया पडला की चार दिवसांत ते शेत काळेभोर दिसू लागते आणि आपले शेत त्यापुढे आजारी वाटते. गोव्यातल्या भातशेतीत खताची मात्रा ठरवणारा सर्वांत प्रभावी सल्लागार म्हणजे शेजाऱ्याचा कुणगा.

मृदा आरोग्य पत्रिकाही माझ्याजवळ आहे. ही योजना २०१५ साली सुरू झाली आणि तिच्यात मातीचे बारा गुणधर्म तपासून दिले जातात. माझ्या पत्रिकेत सेंद्रिय कर्ब ‘जास्त’ या रकान्यात आहे, सामू (पीएच) आम्लधर्मी आहे, स्फुरद कमी आहे. जांभ्याच्या मातीत लोह आणि अॅल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात, त्यामुळे हे शेवटचे अपेक्षितच होते, आणि स्फुरद व पालाश ठरवण्यासाठी मी आजही त्या पत्रिकेलाच प्रमाण मानतो. नत्राच्या बाबतीत मात्र ती पत्रिका मला अपुरी वाटते. सेंद्रिय कर्ब ०.७५ टक्क्यांच्या वर असला की जमीन नत्राने संपन्न धरण्याचा प्रघात आहे, पण पाणी साचलेल्या चिखलात त्या कर्बातून नत्र किती वेगाने सुटेल आणि आषाढातील पावसाबरोबर किती वाहून जाईल, हे उन्हाळ्यात घेतलेल्या अर्धा किलो मातीला कसे ठाऊक असणार? पत्रिका हंगामाची एकूण बेरीज सांगते. कोणत्या आठवड्यात रोपाला भूक लागेल, हे ती सांगू शकत नाही आणि तसा दावाही करत नाही. पट्टीचे काम नेमके तेथून सुरू होते.

आता माझा वाया गेलेला हंगाम. पट्टी विकत घेण्याच्या आदल्या वर्षी सरद हंगामात मला कोणीतरी मोबाइलवर तिचा फोटो पाठवला. वस्तू म्हणजे चार हिरवे चौकोनच तर आहेत, मग पैसे कशाला घालवायचे, असा विचार करून मी तो फोटो एका झेरॉक्सच्या दुकानात रंगीत छापून घेतला आणि वर प्लास्टिकचे आवरण चढवून घेतले. चांगला शहाणपणा केला असे त्या दिवशी वाटले. छपाईत हिरवा रंग निळसर उतरला होता आणि प्रत्येक चौकट मुळाहून एक पायरी गडद झाली होती, हे मला पुढे खरी पट्टी शेजारी ठेवल्यावर कळले. त्या छापील कागदाच्या ४ क्रमांकाला माझ्या शेतातले एकही पान पोहोचत नव्हते, म्हणून मी दर आठवड्याला युरिया देत राहिलो. चार वेळा दिला. गणेश चवथीच्या सुमारास शेत असे काही काळेशार दिसत होते की रस्त्याने जाणारे थांबून विचारायचे. लोंब्या भरत आल्या तेव्हा मानेशी करपा आला, उरलेले पीक सप्टेंबरअखेरच्या पावसात आडवे झाले आणि लोळलेल्या भाताला चिखलातच कोंब फुटले. नत्र जास्त झाले की पान लुसलुशीत होते, करपा आणि तुडतुडे त्यावर ताव मारतात आणि पेर लांबून ताट कमकुवत होते, हे पुस्तकी ज्ञान मला त्या वर्षी प्रात्यक्षिकासह मिळाले. छपाईवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. रंग मोजण्याच्या साधनाची नक्कल रंगाची हमी नसलेल्या यंत्रावर काढणारा मीच होतो. मोबाइलच्या पडद्यावर चौकटी पाहून पान ताडणाऱ्यांनीही हेच ध्यानात घ्यावे, कारण प्रत्येक पडद्याचा हिरवा वेगळा असतो.

खरी पट्टी हाती आल्यावर पहिला वायंगण हंगाम मी सूचना तंतोतंत पाळल्या. आमच्या भागात वायंगणाला तिळारीच्या कालव्याचे पाणी मिळते. लावणी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात झाली, जात ज्योती. लावणीनंतर चौदा दिवसांनी मोजणी सुरू करायची आणि फुलोरा सुरू होईपर्यंत दर सात ते दहा दिवसांनी ती करत राहायची, असा नियम आहे. वेळ सकाळी आठ ते दहा. मोजणारा माणूस प्रत्येक वेळी तोच असावा.

प्रत्यक्षात ते असे होते. पाठ सूर्याकडे करून उभे राहायचे, म्हणजे स्वतःची सावली रोपावर पडते. बांधालगतच्या दोन ओळी सोडून शेतात तिरके चालत जायचे आणि वाटेत दहा चुडे (लावलेल्या रोपांचे झुपके) निवडायचे. चांगले दिसणारे किंवा वाईट दिसणारे निवडायचे नाहीत, पाय थांबेल तेथला घ्यायचा. त्या चुडातले सर्वांत वरचे, पूर्ण उघडलेले पान धरायचे. सुरळीत असलेले कोवळे पान चालत नाही, कारण ते उपजतच फिके असते. पान तोडायचे नाही. खालून पट्टी सरकवून पानाचा मधला भाग चौकटीवर टेकवायचा. दव असेल तर आधी बोटाने पुसून घ्यायचे, कारण ओले पान एक पायरी गडद दिसते. ही दवाची सूचना माझ्या पट्टीच्या पाठीवर नव्हती, ती मी चुकून शिकलो. रंग तीन आणि चार यांच्या मध्ये वाटला तर साडेतीन लिहायचे. लावणीच्या भातासाठी चार ही मर्यादा धरलेली आहे, चिखलात पेरलेल्या भातासाठी तीन. दहापैकी सहा किंवा अधिक पाने मर्यादेखाली असली तर युरिया द्यायचा, नाहीतर घरी यायचे. सगळ्याला मिळून पंधरा मिनिटे लागतात आणि त्यांपैकी पाच पाय चिखलातून काढण्यात जातात.

पहिल्या मोजणीत दहापैकी चारच पाने मर्यादेखाली निघाली. मी बांधावर आलो तेव्हा शेजारच्या शेतात पाणी सोडायला आलेले आबा हा सगळा प्रकार पाहत होते. “आता तूं पानाक विचारून खत घालतलो?” एवढे बोलून ते आपल्या कामाला लागले. आठवड्याने सात पाने फिकी निघाली आणि मी पहिला हप्ता दिला. एका हप्त्याला हेक्टरी २५ किलो नत्र धरले तर माझ्या शेताला सहा किलो नत्र, म्हणजे १३ किलो युरिया येतो. वजनकाटा नसेल तर एकदा दुकानात १३ किलो तोलून आपल्या बादलीत कोठपर्यंत येतो याची खूण करून ठेवावी; मी तेच केले आहे. शेतातले पाणी आदल्या दिवशी उतरवून ओल्या मातीवर युरिया फेकायचा, पाने कोरडी असताना, आणि एकदोन दिवसांनी पुन्हा पाणी घ्यायचे.

त्या हंगामात पट्टीने एकूण तीन वेळा ‘हो’ म्हटले. ३९ किलो युरिया लागला, नेहमीच्या ४५ ऐवजी. वाचलेल्या सहा किलोंची किंमत पस्तीस रुपये. पट्टी घेतली की खर्च अर्ध्यावर येतो अशी जी जाहिरात केली जाते, तिचा हा माझ्यापुरता हिशेब आहे. वायंगणात ऊन भरपूर, पाणी हातात आणि वाहून जाणे कमी असते, त्यामुळे रोप नत्र मागते आणि दिलेले पचवतेही; शिफारशीचा आकडा तेथे फारसा चुकीचा नाही, हेच पट्टीने दाखवून दिले. फरक पडला तो वेळेत. माझा दुसरा हप्ता पूर्वी चाळिसाव्या दिवशी ठरलेला असे, तो पट्टीने आठवडाभर अलीकडे ओढला, आणि फुटवे धरण्याच्या दिवसांत शेत एकदाही पिवळे पडले नाही.

सरद हंगामात पट्टीची खरी परीक्षा झाली, आणि तिच्या मर्यादाही तेथेच उघड्या पडल्या. जुलैत लावणी झाल्यावर गोव्याचा पाऊस ज्या तऱ्हेने कोसळतो त्यात सकाळी आठ ते दहा ही वेळ, स्वतःची सावली वगैरे सूचना वाचून हसू येते. छत्री खांद्याला टेकवून मोजणी केली तर काळ्या कापडाखाली सगळीच पाने गडद दिसतात. मी शेवटी डोक्यावर इरल्यासारखे पारदर्शक प्लास्टिक घेऊन मोजणी केली. पंधराव्या दिवशी दहापैकी नऊ पाने फिकी होती. पट्टीचा कौल स्पष्ट होता, पण शेतातून शेतात पाणी वाहत असताना युरिया टाकणे म्हणजे तो खालच्या कुणग्याला दान करणे. मी पाच दिवस थांबलो, उघाड मिळाल्यावर पुन्हा मोजणी केली, तर फिकी पाने सहावर आली होती. ऊन मिळताच रोप स्वतःहून सावरले होते. अखंड पावसात आणि ढगाळ हवेत पान फिके दिसते त्याला केवळ नत्राची उणीव कारण नसते. म्हणून सरदात एका मोजणीवर विसंबू नये, मोठ्या पावसानंतर एकदोन दिवस ऊन पडू द्यावे आणि मगच कौल घ्यावा, असे माझे मत बनले आहे. त्या हंगामात दोनच हप्ते लागले, २६ किलो. वाचलेल्या १९ किलोंचे ११२ रुपये होतात. उत्पन्न आधीच्या चांगल्या वर्षाइतकेच आले, वाढले नाही. मात्र भात उभे राहिले, करप्याची फवारणी करावी लागली नाही आणि कापणीला माणसे रडली नाहीत. लोळलेले भात कापायला दुप्पट मजुरी मोजणाऱ्याला या वाक्याची किंमत कळेल.

याच हंगामात मी आणखी एक गोष्ट केली, जी पट्टीबरोबर येत नाही पण तिच्याइतकीच स्वस्त आहे. शेताच्या मधोमध पाच बाय पाच मीटरचा तुकडा मेर (छोटा बांध) घालून वेगळा केला आणि त्याला नत्र अजिबात दिले नाही. डीएपीतही नत्र असल्यामुळे त्या तुकड्यापुरते सिंगल सुपर फॉस्फेट वापरले. २५ चौरस मीटरला सुमारे ७८० ग्रॅम, आणि पोटॅश दोन मुठी, म्हणजे साधारण २०० ग्रॅम. कापणीला त्या तुकड्यातून आठ किलो वाळलेले भात निघाले. हेक्टरी हिशेब ३,२०० किलो. म्हणजे माझी जमीन, पाऊस आणि शेणखत मिळून एवढे भात युरियाविना देतात. चांगल्या वर्षी माझे शेत हेक्टरी ४,५०० किलोंच्या आसपास उतरते. मधल्या १,३०० किलोंसाठीच काय तो युरिया लागतो. दिलेल्या एका किलो नत्रामागे साधारण २० किलो भात वाढते असे धरले, आणि नीट सांभाळलेल्या शेतात हा आकडा वाजवी मानला जातो, तर हेक्टरी ६५ किलो नत्र पुरते. माझ्या शेताला १५.६ किलो. त्यातून डीएपीचे ४.७ वजा केले की उरते १०.९, म्हणजे २४ किलो युरिया. पट्टीने मला २६ किलो द्यायला लावले होते. दोन वेगळ्या वाटांनी निघालेले आकडे इतके जवळ आलेले पाहून मला आनंद झाला हे कबूल करतो, तरी एका हंगामाच्या योगायोगावर कोणी सिद्धान्त उभारू नये. तुकड्याची मेर एका जागी फुटली असती तर शेजारचे नत्र आत शिरून आठाचे दहा किलो झाले असते.

पट्टी जेथे चुकते ती ठिकाणे विक्रेता सांगत नाही, म्हणून ती येथे नोंदवतो. माझ्या शेताचा वरचा कोपरा डोंगराच्या पायथ्याला आहे आणि तेथे तांबूस, तेलकट तवंग असलेले पाणी झिरपते. तेथली पाने पट्टीवर कायम तीन दाखवतात. हा लोहाचा त्रास आहे. खालच्या पानांवर टोकाकडून बारीक तपकिरी ठिपके येतात आणि कितीही युरिया टाकला तरी रंग सुधारत नाही. तो कोपरा मी मोजणीतून वगळला. गंधक कमी असले तरी पान पिवळे पडते, पण तेव्हा पिवळेपणा नव्या पानांपासून सुरू होतो, तर नत्र कमी पडले की आधी खालची जुनी पाने पिवळी होतात. पट्टी फक्त वरचे पान पाहते, त्यामुळे हा भेद तिला कळत नाही. पट्टी लावण्याआधी एकदा वाकून चुडाचा बुंधा पाहण्याची सवय ज्याची त्याने लावून घ्यावी. जस्ताची उणीव, खारेपणा, मुळांची सड, या सगळ्यांना ती नत्राचीच भूक समजते. स्फुरद आणि पालाश यांच्याविषयी तर ती संपूर्ण मुकी आहे.

खाजनात, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या खारट जमिनीत, तिला नेऊ नये. आमचा लहानसा तुकडा खाजनात आहे आणि तेथे कोरगुट ही स्थानिक जात लागते. हे भात मुळातच फिक्या पानांचे आणि उंच आहे. चारची मर्यादा त्याला लावली तर पट्टी प्रत्येक आठवड्याला खत मागेल आणि सप्टेंबरच्या वाऱ्यात सगळे पीक झोपेल. मानशीतून (खाडीचे पाणी आतबाहेर सोडणाऱ्या दारातून) आत येणाऱ्या गाळावर पिढ्यान्‌पिढ्या पिकलेल्या जमिनीत युरियाची सवय लावण्याची मला गरजही वाटत नाही. सुधारित, बुटक्या, लावणीच्या जातींसाठी ठरवलेले मोजमाप तेवढ्यापुरतेच खरे असते. स्थानिक जातींसाठी वेगळी मर्यादा हवी आणि ती पट्टीच्या पाठीवर छापलेली असायला हवी. कटकच्या भात संशोधन संस्थेने आपली वेगळी पट्टी तयार केली आहे, तसेच काम जुन्या गोव्यातील एला येथे असलेल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने खाजन आणि खेर यांचा भेद धरून केले तर आमच्यासारख्यांची मोठी सोय होईल.

पर्यायांबद्दल थोडे. पानाला चिमट्यासारखे लावून हरितद्रव्याचा आकडा दाखवणारे यंत्र मिळते आणि ते पट्टीपेक्षा नक्कीच अचूक आहे, पण त्याच्या किमतीत माझ्या शेताची काही वर्षांची सगळी खते येतील. कोकणात चारसूत्री पद्धतीत युरिया आणि डीएपीच्या २.७ ग्रॅमच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात. नत्र वाहून जाण्याचा प्रश्नच त्यामुळे बऱ्याच अंशी मिटतो आणि पट्टीची गरजही उरत नाही. आमच्या पावसाला ती पद्धत अधिक शोभते असे मला प्रामाणिकपणे वाटते. मात्र ओळीत लावणी, खोचायला माणसे आणि वेळेवर गोळ्या, या तिन्ही गोष्टी एकत्र जमवणे मला आजवर साधलेले नाही.

वस्तू म्हणून पट्टीत दोन दोष आहेत. सूचना इंग्रजीत आहेत आणि अक्षर इतके बारीक की चष्मा लावूनही अंगणात यावे लागते; मराठीतला किंवा कोंकणीतला एक साधा कागद सोबत देणे फार खर्चाचे नव्हते. दुसरे म्हणजे रंग उन्हाने उडतो. मी ती पहिले दोन महिने माडीच्या खिडकीत ठेवली होती आणि उन्हाकडची दोनची चौकट आता स्पष्ट फिकी झाली आहे. सुदैवाने निर्णय चारच्या चौकटीवर अवलंबून असतो. विकत घेताना पट्टी भात संशोधन संस्थेच्या किंवा कृषी विद्यापीठाच्या मोजमापाला ताडून केलेली आहे ना, एवढे विचारावे, आणि चौकटींवर शिरांसारख्या रेघा नसतील तर ती घेऊ नये. ज्यांना तांबडा आणि हिरवा यांत फरक करणे जड जाते त्यांनी मोजणी घरातल्या दुसऱ्या कोणाला सांगावी. आमच्याकडे हे काम आता माझी पत्नी करते, कारण तीन आणि साडेतीन यांत तिचा डोळा माझ्यापेक्षा पक्का आहे आणि शेजारच्या हिरव्या कुणग्याचे तिच्यावर दडपण येत नाही.

येत्या वायंगणासाठी मी नवी पट्टी मागवली आहे. जुनी पंचांगाच्या पानांत अंधारात ठेवली आहे. आबा ती मागच्या आठवड्यात एका सकाळी घेऊन गेले होते आणि दहाच्या आत परत आणून दिली. किती पाने फिकी निघाली, ते मात्र त्यांनी सांगितले नाही.